भाग ९ : ऑक्टोबरात पिकलेली द्राक्षं – निर्मात्यांची चूक की मुद्दाम ठेवलेली खूण? (रहस्यभेद आहे, भाग पाहिला नसेल तर परत फिरा)

पंचवटी_कारंजा (धागाकर्ता)

मालिकेचं नाव लिहीत नाही, नाशिककरांना सांगायची गरजही नाही. दिंडोरी शिवारातली वायनरी, दोन भाऊ, थोरल्याचा मृत्यू. ज्यांचा भाग घाईत बघून झालाय त्यांच्यासाठी मुद्दे:

पंचनाम्यावर तारीख १४ ऑक्टोबर २०२४. सकाळी सातला थोरला पिंपांच्या तळघरात पालथा सापडतो. व्यवस्थापक म्हणतो, "टाकीतला गॅस तळघरात उतरला." पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. धाकटा सांगतो, आदल्या संध्याकाळी मी बागेत होतो, आणि पीआय (पोलीस निरीक्षक) मॅडमना मोबाईलवरचा फोटो व्हॉट्सॲपने पाठवतो. फोटोत तो वेलींमध्ये उभा, मागे काळे घड लोंबतायत, तारेच्या वर सूर्य. मोबाईलच्या पडद्यावर "१३ ऑक्टोबर, ६:२०" दिसतं. शवविच्छेदन करणारे डॉक्टर दोनच वाक्यं बोलतात: "पाठीवर लाल-गुलाबी डाग आहेत" आणि "जबड्यातच ताठरपणा आहे, फार तर चार तास झाले." शेवटी धाकटा एक सातबारा दाखवतो, २०१७ चा.

आपल्याकडे दर भागानंतर दोन टोळ्या पडतात. एक म्हणते सगळंच खूण, दुसरी म्हणते सगळाच निष्काळजीपणा. माझा निकष सोपा आहे: कॅमेरा त्या वस्तूवर दुसऱ्यांदा गेला का? आणि ती वस्तू पाहून एखाद्या पात्राचं वागणं बदललं का? दोन्ही "हो" असेल तर ती खूण धरायची. घडांचा फोटो दोनदा मोठा करून दाखवलाय, आणि दुसऱ्या वेळी पीआय मॅडम बोलता बोलता थांबतात. माझ्या मते ती खूण आहे.

दिंडोरी_शिवार

सहमत. त्या फोटोवर मॅडमच काय, दिंडोरीचं शेंबडं पोरही थांबेल.

आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार करण्यासाठी. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर गोडी छाटणी, ती फळासाठी. गोडी छाटणीनंतर १० ते १२ दिवसांत डोळे फुटतात, पोंगे दिसतात. फुलोरा साधारण ३५ ते ४० दिवसांनी. मण्यात पाणी उतरायला (म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागायला) तीन महिने जातात आणि काढणी १२० ते १४० दिवसांनी, म्हणजे जानेवारीअखेरपासून मार्चपर्यंत, उशिराच्या बागा एप्रिलात. वाइनच्या जातींचंही कॅलेंडर जवळपास हेच.

१३ ऑक्टोबरला दिंडोरीत बाग दोनच अवस्थांत असू शकते. एक तर छाटून उघडी, तारांवर नुसत्या काड्या आणि खाली पालापाचोळा. नाही तर छाटणीच्या तोंडावर, जुनी करपट पानं अंगावर घेऊन. काळा रंग चढलेला घड दोन्हीत नाही. म्हणजे फोटो त्या दिवसाचा नाही, आणि धाकट्याचा पुरावा गेला.

सिडको_सेक्टर

भाऊ, शूटिंग मार्चमध्ये झालं असेल, बागेत घड होते म्हणून घेतले. कला-दिग्दर्शक मुंबईचा. त्याला खरड आणि गोडी सारखीच. एवढं काही नाही त्यात.

पंचवटी_कारंजा

@सिडको_सेक्टर, मग त्याच भागात व्यवस्थापक बागेतून चालतो तो शॉट बघा, सव्विसाव्या मिनिटाच्या आसपास. तिथे वेली छाटलेल्या आहेत आणि दोन मजूर हातमोजे घालून काड्यांना काहीतरी लावतायत. ज्या मंडळींना छाटलेली बाग शोधून दाखवता आली, त्यांना फोटोतली बाग चुकून भरलेली राहील?

कसमादे

थांबा, तुम्ही सगळे नाशिक म्हणजे दिंडोरी-निफाड धरून चाललात. सटाणा, कळवण, मालेगाव, देवळा पट्ट्यात अर्ली (हंगामाआधीची) द्राक्षं घेतात. तिथे गोडी छाटणी जून-जुलैपासून सुरू होते आणि ऑक्टोबरच्या मध्याला बऱ्याच बागांत मण्यात पाणी उतरलेलं असतं, काहींची काढणीही तोंडावर असते. पावसाचा धोका पत्करून करतात, कारण त्या वेळी बाजारात दुसरा माल नसतो आणि भाव मिळतो.

तेव्हा फोटो १३ ऑक्टोबरचा असूही शकतो, फक्त बाग बागलाणातली, म्हणजे सटाण्याकडची. सटाणा ते नाशिक ९० किलोमीटरच्या आसपास. धाकटा खोटं बोलतोय ते जागेबद्दल, तारखेबद्दल नाही. माणूस त्या संध्याकाळी सटाण्यात कुणाला तरी भेटायला गेला होता आणि ते लपवतोय, असा माझा अंदाज. मग तो खुनी नाही. तो दुसऱ्याच कशात तरी अडकलाय.

दिंडोरी_शिवार

@कसमादे, मुद्दा बिनतोड आहे, म्हणून फोटो पुन्हा थांबवून पाहिला. अर्लीत कुणी वाइनची जात लावत नाही, तिथे सगळा खायचा माल. मग घड कसला आहे ते ओळखलं की झालं.

खायच्या काळ्या द्राक्षाला जीएचे (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचे) हात दिलेले असतात, थिनिंग म्हणजे मण्यांची विरळणी केलेली असते. मणी मोठा, बहुतेक लांबट, आणि घडात बोट जाईल एवढी जागा. वाइनच्या द्राक्षाला हे लाड नसतात. मणी वाटाण्याएवढा, गोल, एकमेकांत चेपलेला, घड आखूड. फोटोत उजव्या खांद्यामागचा घड स्पष्ट आहे: बारीक गोल मणी, गच्च. शिवाय मागची तार बघा. खायच्या बागेला वाय अँगल किंवा मांडव असतो, वेल डोक्यावर पसरते. फोटोत तारा उभ्या एकावर एक आहेत आणि फुटवे सरळ वर बांधलेत. ही वाइनच्या बागेची पद्धत. माझं मत: बाग त्यांचीच, महिना चुकीचा.

कसमादे

घड मान्य. तारांचं पूर्ण मान्य नाही, आमच्याकडेही जुन्या बागांत सरळ तारा सापडतात.

आकाशदर्शन_नाशिक

घड आणि तार बाजूला ठेवा, सूर्य बघा. ऑक्टोबरच्या मध्याला नाशिकचा सूर्यास्त सव्वासहाच्या आत होतो, सहा दहा-बाराच्या सुमारास. सटाणा थोडं पूर्वेला, तिथे मिनिट-दोन मिनिटं आधीच. ६:२० ला सूर्य क्षितिजाखाली गेलेला असणार, मग बाग दिंडोरीतली असो की बागलाणातली. फोटोत तो तारेच्या वर आहे आणि माणसाची सावली लांब पण ठळक पडलीय.

मार्चच्या मध्याला सूर्यास्त पावणेसातच्या आसपास. त्या वेळी ६:२० ला सूर्य अगदी असाच, थोडासा वर दिसतो. मार्च म्हणजे काढणीचा महिना. घड आणि सूर्य दोन्ही मार्चकडे बोट दाखवतात. म्हणजे वेळ खरी आहे, फक्त तारीख बदलली. बऱ्याच फोनच्या गॅलरीत फोटोची तारीख हाताने बदलता येते. बदलणाऱ्याने दिवस आणि महिना बदलला, वेळ तशीच सोडली, कारण त्याला "संध्याकाळ"च हवी होती.

जाता जाता: २०२४ ला दसरा १२ ऑक्टोबरला आणि कोजागरी १६ ला. म्हणजे १३ च्या रात्री तीन-चार दिवसांवर पौर्णिमा. धाकट्याच्या आठवणीत रात्री आठला "डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना" असा अंधार दाखवलाय. आभाळ भरलेलं असेल तर ठीक, पण त्याच शॉटमध्ये तारे आहेत.

कसमादे

सूर्यापुढे सटाण्याचं काही चालत नाही. अंदाज मागे.

मोबाईल_गल्ली

फोटो व्हॉट्सॲपने पाठवला, हेच मला सगळ्यात संशयास्पद वाटलं. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि फोटोच्या आत दडलेली मूळ माहिती (काढल्याची वेळ, कॅमेरा, जागा) निघून जाते. मॅडमकडे जे पोचलं त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर माहिती राहिली असती. आता फोन जप्त करून मूळ फाईल काढली तरच खरी वेळ मिळेल. गॅलरीत तारीख बदलली तरी क्लाउडवर आधीच गेलेली प्रत बहुधा जुन्याच तारखेने बसलेली असते. दहाव्या भागात मॅडमनी फोन मागितला नाही तर लेखकाला हे सुचलेलंच नाही असं समजू.

पिंप_क्रमांक_सात

गॅसबद्दल कुणी बोलत नाही याचं नवल वाटतंय, कारण अख्खा भाग त्यावर उभा आहे.

किण्वनात गॅस निघतो हे खरं, आणि भरपूर निघतो. एक लीटर रसातून साधारण ४० ते ५० लीटर कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा दीडपट जड, त्यामुळे तो खाली साचतो: तळघर, खड्डा, रिकाम्या टाकीचा तळ. हवेत ५ टक्क्यांच्या पुढे गेला की डोकं गरगरतं, धाप लागते. १० टक्क्यांच्या आसपास माणूस काही मिनिटांत कोसळतो. वायनरीतले अपघात बहुतेक असेच होतात: एक जण टाकीत उतरतो, पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. म्हणून नियम असा की आधी पंख्याने हवा मारायची, मीटर लावायचा, बाहेर एक माणूस उभा ठेवायचा आणि उतरणाऱ्याला दोर. मालिकेत व्यवस्थापक मेणबत्ती घेऊन उतरतो ते दाखवायला छान, करायला वाईट. मेणबत्ती विझेपर्यंत गॅस धोक्याच्या पातळीच्या पुढे गेलेला असू शकतो.

पण हे सगळं होतं कधी? द्राक्ष येतं जानेवारी ते मार्च-एप्रिलमध्ये. लाल वाइनचं किण्वन आठ-दहा दिवसांत आटोपतं, पांढरीचं थंड ठेवून दोन ते चार आठवडे. त्यानंतरचं दुसरं, मंद किण्वनही उन्हाळ्यात संपतं. ऑक्टोबरात टाक्यांत आणि पिंपांत तयार वाइन निवांत पडलेली असते, बाटल्या भरायची वाट बघत. तिच्यातून तळघर भरेल एवढा गॅस निघणं शक्य नाही.

त्यामुळे "टाकीतला गॅस उतरला" हे वाक्य वायनरीचा व्यवस्थापक भाबडेपणाने बोलूच शकत नाही. ते बोलणाऱ्याला एक तर धंदा कळत नाही, किंवा समोरच्याला कळत नाही याची त्याला खात्री आहे. माझा संशय पहिल्या मिनिटापासून व्यवस्थापकावर. तळघराच्या किल्ल्याही त्याच्याच कमरेला.

सिडको_सेक्टर

हे मात्र पटलं. घड एक वेळ चुकून येतील, पण गोष्टीचा मुख्य अपघातच ज्या महिन्यात होत नाही त्या महिन्यात कोण लिहील?

तिसरी_पाळी (पेशाने डॉक्टर, शवविच्छेदन विभाग नाही, पण शिकलेलं आठवतं)

दोन्ही वाक्यं मुद्दाम लिहिलेली वाटतात.

रक्त थांबलं की ते गुरुत्वाने खालच्या बाजूला साचतं आणि डाग दिसतात. अर्ध्या-एक तासात सुरू होतात, सहा ते आठ तासांत पक्के होतात. पक्के झाल्यावर शरीर उलटं केलं तरी जागा सोडत नाहीत. थोरला पालथा सापडला आणि डाग पाठीवर! म्हणजे मेल्यावर तो निदान सहा तास उताणा होता, नंतर कुणीतरी पालथा केला.

ताठरपणा जबडा-मानेपासून खाली उतरत जातो. आपल्या हवेत तासा-दोन तासांत सुरू होतो आणि बारा तासांत सगळ्या अंगात. जबड्यातच आहे म्हणून चार तास, हे नेहमीच्या खोलीत ठीक. पण पिंपांच्या तळघरात १२ ते १६ अंश ठेवतात. थंडीत ताठरपणा उशिरा येतो. डाग पक्के आणि ताठरपणा कमी, हे दोन्ही एकत्र जुळायचं तर मृत्यू आदल्या संध्याकाळचा आणि शरीर थंडीत पडलेलं. म्हणजे "पहाटे तीन" ही पोलिसांची वेळ चुकीची आहे. ज्यांनी ज्यांनी पहाटेचा ठावठिकाणा दिला, त्यांचे पुरावे निकामी.

डागांचा रंग: कार्बन डायऑक्साइडने असा चेरीसारखा लाल रंग येत नाही. तो कार्बन मोनॉक्साइडने येतो (बंद खोलीत चालू जनरेटर, शेगडी), सायनाइडने येऊ शकतो, आणि नुसत्या थंडीनेही गुलाबीसर येतो. तिसरी शक्यता सगळेच विसरतात. इथे तीच असेल असं मला वाटतं, कारण तळघर थंड आहे.

गंगापूर_रोड

सायनाइड! मजूर काड्यांना जे लावत होते ते सायनामाइडच ना? डोळे फुटायला लावतात ते. सापडला खुनी!!

दिंडोरी_शिवार

@गंगापूर_रोड, सायनामाइड म्हणजे सायनाइड नव्हे. नावं भावंडांसारखी, गुण वेगळे. पण धागा तुम्ही बरोबर पकडलात.

गोडी छाटणीनंतर एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करतात, डोळे एकसारखे फुटावेत म्हणून. ब्रश किंवा कापडाच्या बोळ्याने, हातमोजे घालून. कातडीला लागलं तर जळजळतं, डोळ्यात गेलं तर वाईट. आणि बागेत काम करणारा प्रत्येक जण एक गोष्ट जाणतो: पेस्टिंगच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारूला शिवायचं नाही. हे द्रव्य अंगात असताना मद्य घेतलं तर शरीराला मद्य पचवता येत नाही, मधल्याच पायरीवर विषारी पदार्थ साचतो. चेहरा आणि मान लालबुंद, डोकं ठणकतं, छाती धडधडते, रक्तदाब पडतो, श्वास लागतो. बहुतेक जण सावरतात. हृदयाचा त्रास असलेल्याला मात्र जड जाऊ शकतं.

आता पाचव्या भागातलं जेवणाचं दृश्य आठवा. थोरला गोळी घेतो आणि बायको म्हणते, "डॉक्टरांनी सांगितलंय, छातीला जपा." आणि नवव्या भागात त्याचे हातमोजे फाटलेले दाखवलेत, बोटं उघडी. त्याच संध्याकाळी नव्या बाटलीची चव घ्यायला त्याला कुणी बोलावलं?

पिंप_क्रमांक_सात

व्यवस्थापकाने. आठव्या भागाच्या शेवटी फोनवर: "साहेब, एक घोट तरी घ्याच." वायनरीच्या मालकाला हे सांगणं अगदी साधं वाटतं, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही.

तिसरी_पाळी

हे वैद्यकीयदृष्ट्या बसतं. पण एक अडचण आहे. मालकाला ही सूचना माहीत नसेल? तीस वर्षं बाग सांभाळतोय.

दिंडोरी_शिवार

माहीत असणार. म्हणून हातमोजे महत्त्वाचे. आपण फक्त देखरेख केली, हात लावला नाही, असं त्याला वाटत असेल आणि फाटक्या मोज्यातून आत गेलेलं कळलं नसेल. किंवा मोजे मुद्दाम फाडून ठेवले.

मखमलाबाद_नाका

सातबारा राहिला. २०१७ ची तारीख, पण डोक्यावर शासनाचं आणि ई-महाभूमीचं जलचिन्ह, गावाच्या नावापुढे सांकेतांक, आणि शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक. हा नमुना सप्टेंबर २०२० नंतरचा. २०१७ च्या उताऱ्यात यातलं काही नसायचं. दोनदा जवळून दाखवलाय, तेव्हा धागाकर्त्याच्या निकषावर ही खूण. वाटणी आधीच झाली होती असं भासवायला आत्ता बनवलेला कागद. खरं बघायचं तर कुणीही फेरफार क्रमांक घेऊन नोंदवही उघडावी. नोंद झाली की हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. ही साखळी बनावट कागदाला तयार करता येत नाही.

मृत्युपत्राबद्दल मागच्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं की साक्षीदार म्हणून सुनेने सही केली, म्हणून तिच्या नवऱ्याचा हिस्सा गेला. तसं नाही. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ मधलं ते कलम ६७ हिंदूंच्या मृत्युपत्राला लागू नाही. दोन साक्षीदार हवेत, स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. त्या सहीतून काही निघणार नाही, तिचा नाद सोडा.

आणि हवालदार अकस्मात मृत्यूची "१७४ खाली नोंद घे" म्हणतो, ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम. १ जुलै २०२४ पासून ते कलम १९४ झालं, नव्या संहितेत. ही मात्र चूकच, किंवा जुन्या माणसाच्या तोंडची सवय.

रामकुंड_रिक्षा

दोन किरकोळ. पुतणी म्हणते "पंचवटीने दुपारी मुंबईहून आले". पंचवटी एक्स्प्रेस सकाळी इथून मुंबईला जाते आणि रात्री नऊनंतर नाशिकरोडला परत येते. दुपारी मुंबईहून पंचवटी येत नाही. एकदाच बोलते, कुणी दखल घेत नाही. माझ्या मते चूक.

थोरल्याच्या बायकोचं मात्र तसं नाही. ती म्हणते, त्या रात्री गोदाघाटावर गाडी लावून बसले होते, पाणी दुतोंड्या मारुतीच्या (घाटावरची मूर्ती, पूर तिच्यावरूनच मोजतात) छातीला होतं. छातीला पाणी म्हणजे गंगापूर धरणातून मोठा विसर्ग आणि घाटावरचा सगळा वाहनतळ पाण्याखाली. तिथे गाडी लावायला जागाच उरत नाही. आणि हे ऐकून मॅडम वहीत लिहितात. ती घाटावर नव्हती.

पंचवटी_कारंजा

मग तिघांपैकी कोण? धाकट्याने फोटो आणि सातबारा बनावट केला, तो जमिनीसाठी. बायकोने घाटाचं खोटं सांगितलं. व्यवस्थापकाने गॅसचं. माझ्या मते मारणारा आणि उलटवणारा वेगळे आहेत. संध्याकाळी वाइन पाजली ती एकाने. मध्यरात्रीनंतर येऊन गॅसचा अपघात वाटावा म्हणून पालथा केला तो दुसऱ्याने, आणि त्याला पहिल्याचं काम माहीतच नव्हतं.

पिंप_क्रमांक_सात

असहमत. एकटा व्यवस्थापक पुरेसा आहे. बायको घाटावर नव्हती कारण ती वकिलाकडे होती, सहाव्या भागात तिने कार्ड उचललंय.

तिसरी_पाळी

भांडण्यापेक्षा एक जागा परत बघा. शवविच्छेदनाच्या टेबलावर दोन बरण्या. डॉक्टर म्हणतो, "स्पिरिट भर." विषाच्या शंकेत व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. मद्याची शंका असेल तर स्पिरिट मुळीच चालत नाही, कारण मग प्रयोगशाळेत सापडलेलं मद्य शरीरातलं की बरणीतलं हे सांगता येत नाही. नाशिकच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडून "मद्यांशाबाबत मत देता येत नाही" असंच उत्तर येईल, आणि पेस्टिंगचा सगळा मुद्दा तिथेच अडकेल.

डॉक्टर विकला गेलाय का, हे दहाव्या भागात एका गोष्टीवरून कळेल. रक्ताचा नमुना वेगळा घेतला का, आणि त्या नळीत सोडियम फ्लोराइड (रक्तातल्या मद्याचं प्रमाण बदलू न देणारं) होतं का. करड्या झाकणाची, म्हणजे फ्लोराइडची नळी दिसली तर डॉक्टर फक्त आळशी. नुसती साधी नळी असेल किंवा रक्त घेतलंच नसेल, तर चौथा माणूस तोच.